दोन घरांचं एक झाड

माझा धंदा खोटे दात करण्याचा आहे. डॉक्टर माप घेतात, साचा माझ्याकडे येतो आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी असा दात घडवते, की शेजारच्या खऱ्या दातालाही संशय येऊ नये. यातली खरी कला पांढरा दात करण्यात नाही. तो कुणीही करेल. थोडा पिवळेपणा, एखादी बारीक रेघ, चहाचा किंचित डाग असं काहीतरी मुद्दाम ठेवावं लागतं, तेव्हा कुठे तो तोंडात खपतो. ही विद्या घरी वापरायची वेळ आणली ती भाऊमामानं.

भाऊमामा म्हणजे आईचा भाऊ. तो हवामान खात्यात होता. उभा जन्म त्यानं सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर वाचण्यात घालवला. तो म्हणायचा, दुपारचं ऊन तापणारच, त्याचं मला काही नाही, पण आता रात्री निवत नाहीत. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू रात्रीनं त्याच्याकडून काही उसनं नेलंय आणि आता ओळख दाखवत नाहीये. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, की पृथ्वीचं तापमान आपण स्वतः खाली आणायचं. तेव्हापासून आमच्या नात्यात कुणी जन्मलं, पास झालं, लग्न केलं, दुकान काढलं किंवा वारलं, की मामा हजर. हातात काळी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माती, मातीत शिरीषाचं रोप. लग्नात लोक चांगली वेष्टनातली भेट देतात. आमचा मामा नवरीच्या हातात गळती पिशवी ठेवायचा आणि फोटोग्राफरला म्हणायचा, रोप नीट येऊ दे.

बरं, देऊन मोकळा होईल तर तो मामा कसला? दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आधी झाडाची चौकशी, मग माणसांची. एकदा मी तापानं फणफणले होते, तेव्हाही त्यानं हा क्रम मोडला नाही. झाडाची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे हे ऐकून त्याला बराच धीर आला होता.

आता यात एक काटा होता. मामाच्या थोरल्या भावाची, म्हणजे अण्णामामाची, वेल्डिंगची कार्यशाळा आहे. मामानं दिलेलं झाड तिच्या गेटाशी चांगलं वाढलं होतं. मोठे ट्रक आत यायला लागल्यावर ते आड यायला लागलं. अण्णामामानं ते तोडलं आणि त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून सांगितलं, की गेट रुंद करायचं होतं, तुझं झाड मधे येत होतं, तोडलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मामानं फोन ठेवला आणि त्या दिवसापासून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. कार्यात दोघं समोरासमोर आले तरी मधे माझी आई लागायची. एकाच खोलीत बसून एक म्हणायचा, त्याला सांग पंखा कमी कर, आणि आई चार पावलं चालत जाऊन ते सांगायची.

आम्हालाही एक झाड मिळालं होतं. बाबा गेले त्या वर्षी मामानं त्यांच्या नावानं रोप आणलं. खाली लावण्याजोगं होईपर्यंत आईनं ते गॅलरीत, कापलेल्या पिंपात ठेवलं. मग इमारतीला रंग द्यायचं निघालं आणि झुल्यावर लोंबकळणाऱ्या रंगाऱ्यानं उरलेलं चुन्याचं पाणी सरळ त्या पिंपात ओतलं. चार दिवसांत काडी झाली. रविवारी फोन आला. झाड कसं आहे, मामानं विचारलं. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, चांगलं आहे.

एकदा चांगलं आहे म्हटल्यावर ते पुढच्या रविवारी थोडं तरी वाढायला हवंच. वाढत वाढत ते इमारतीच्या मागे बोळात लावलं गेलं, त्याला फुटवे आले, पहिला मजला ओलांडून ते दुसऱ्या मजल्यावर आमच्या खिडकीशी आलं. मला आईची थाप ऐकवेना. खोटेपणामुळे नव्हे, कच्चेपणामुळे. सगळं इतकं गोड कधी असतं का? मी तिला सांगितलं, एखादी कीड लाव. तिनं लावली. मामा हादरला, त्यानं फोनवर औषध सांगितलं, आणि पुढचे काही रविवार आई झाडाला हळूहळू उतार पडत असल्याचं कळवत राहिली. त्यानंतर कुणाला कधी शंका आली नाही.

आणि मग मामानं जाहीर केलं, की तो येतोय. एक दिवस राहायचं आणि झाडं डोळ्यांनी बघायची. आधी आमचं, मग दादाचं. दादा म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा. त्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा त्यालाही पिशवी मिळाली होती. त्याच्या झाडाचं कौतुक आम्ही मामाकडून इतकं ऐकलं होतं, की मला त्या झाडाचा राग यायचा.

फोन ठेवून आई खुर्चीत बसली ती उठेचना. मी थट्टा करायला गेले, की फार तर काय, ओरडेल.

"ओरडला तर बरंच आहे," ती म्हणाली. "तो ओरडत नाही, तो बोलणं टाकतो. अण्णाशी टाकलं तसं माझ्याशी टाकलं, तर रविवारी मी कुणाशी बोलू?"

आईला फोन करणारं माणूस तेवढं एकच होतं, हे मला ठाऊक होतं. मी चप्पल घातली आणि झाड शोधायला बाहेर पडले.

लांब जावं लागलं नाही. आमच्या इमारतीमागच्या बोळाला लागून पाणीपुरवठ्याचं पंपघर आहे. त्याच्या आवारात एक शिरीष आहे, आणि तो आमच्या थापेच्या मापाचा निघाला. कुणी लावलेला नव्हता, आपोआप आलेला. आवारातली पाइपलाइन कित्येक वर्षं गळते आहे, तक्रारी करूनही कुणी ती दुरुस्त केलेली नाही, आणि त्या गळतीवर हे झाड माजलं होतं. मी फाटकातून आत डोकावले, तर झाडामागच्या भिंतीवर दादा बसलेला. हातात तार, आणि तारेत त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची पत्र्याची पाटी.

आम्ही एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिलो. दादाचं गाडी शिकवायचं मैदान त्या भिंतीच्या पलीकडेच आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कारण त्याच्याकडे जाताना मुख्य रस्त्यानं मोठा वळसा पडतो.

त्याचं झाड पहिल्याच महिन्यात गेलं होतं. एका शिकाऊ बाईंनी ते रिव्हर्समध्ये घेतलं. दादानं मामाला खरं सांगायचं ठरवलंही होतं, पण तेवढ्यात मामानं त्याला सांगितलं, की त्याच्या मावशीकडचं, म्हणजे आमचं, झाड गुडघ्याएवढं झालं.

"मग मी आमचं कमरेएवढं केलं," दादा म्हणाला. "तर तुम्ही पहिला मजला गाठलात. मला छपरावरून न्यावं लागलं."

म्हणजे इतकी वर्षं दोन मेलेली झाडं एकमेकांशी शर्यत लावून वाढत होती. मी हसत हसत गळक्या पाइपवर बसले आणि माझे कपडे भिजले.

मग मात्र आम्ही कामाला लागलो. झाड एक, दावेदार दोन. ठरलं असं, की सकाळी मामाला ते बोळाच्या बाजूनं दाखवायचं, आमचं म्हणून. दुपारी दादाच्या मैदानातून, भिंतीवरून आलेल्या फांद्या दाखवायच्या, त्याचं म्हणून. भिंत नंतर बांधली असं सांगायचं. मधल्या वेळात मामाला गाडीतून सगळ्या गावभर फिरवायचं, म्हणजे दोन्ही जागा पाठीला पाठ लावून आहेत हे त्याला कळणार नाही. पंपघरातल्या माणसाला विश्वासात घेतलं. त्यानं एकच अट घातली, की त्याला गाडी शिकवायची. दादानं ती लगेच मान्य केली आणि त्या दिवशी गाडी चालवायला त्यालाच बसवायचं ठरवलं. त्यामुळे प्रवास आपोआप लांबेल, असा त्याचा हिशेब होता.

झाडावरचं बारीक काम माझ्याकडे आलं. मी बुंध्याभोवती जुन्या विटांचं आळं केलं, त्यातली एक वीट मुद्दाम फुटकी ठेवली, आमची चीर गेलेली बादली शेजारी उपडी घातली. गंजकी तार एका फांदीला अशी गुंडाळली, की तिथे पूर्वी आधाराची काठी होती असं वाटावं. काम मनासारखं झालं. एक पाटीही मी रंगवणार होते, बाबांच्या नावाची, अक्षरं थोडी उडालेली. आई नको म्हणाली. खोट्या झाडाला त्यांचं नाव नको, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मामा आला. डोक्याला टोपी, खांद्यावर पिशवी, पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप. रिकाम्या हातानं तो कधी येत नाही. मला बघताच त्यानं नेहमीची हाक मारली, "काय दंतमंजन, धंदा कसा आहे?" मी म्हटलं, खोट्याला मागणी आहे. आईनं मला चिमटा काढला.

बोळातून आत शिरताच मामा झाडापाशी थांबला आणि बराच वेळ वर बघत राहिला. त्यानं बुंध्यावर हात फिरवला, विटा पाहिल्या, तार पाहिली, बादली पाहिली. बादलीशी तो वाकला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. मग त्यानं खिशातून स्टीलच्या नळीतला थर्मामीटर काढला, भिंतीकडच्या एका फांदीला दोरीनं टांगला आणि म्हणाला, सावलीचं माप थोडं निवांत घ्यावं लागतं. आईला हा निवांतपणा परवडण्यासारखा नव्हता. तिनं चहा निवेल असं सांगून त्याला वर नेलं. चहा होतो न होतो, तोच दादा गाडी घेऊन हजर, आणि या सगळ्या घाईगर्दीत थर्मामीटर झाडावरच राहिला. ही चूक आमची होती, आणि ती आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू? गाडीला दोन ब्रेक होते, एक पंपवाल्याच्या पायाखाली आणि एक दादाच्या, आणि दोघंही ते वेगवेगळ्या वेळी वापरत होते. दादा पुढे बसून डावीकडे, उजवीकडे सांगत होता. मागे मी, आई आणि खिडकीशी मामा. आम्ही बाजारातून गेलो, पुलावरून गेलो, पुलाखालून गेलो. स्टेशनापाशी गाडी बंद पडली. एका चौकात तोच वाहतूक पोलीस आम्हाला तिसऱ्यांदा दिसला, तेव्हा त्यानं ओळखीचं हसून हात केला. मामा शांतपणे खिडकीबाहेर आपल्या सावलीकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, आज सूर्य माझ्या सगळ्या बाजूंनी जाऊन आला. ज्या माणसानं जन्मभर आकाशाकडे बघून पगार घेतला, त्याला रस्ते चुकवून फसवायला निघालो होतो आम्ही.

मैदानात उतरलो. दादानं टायरच्या ओळींमधून मामाला भिंतीपाशी नेलं आणि फांद्यांकडे हात करून भाषण सुरू केलं. भिंत कशी नंतर आली, झाडानं तिला कसं जुमानलं नाही वगैरे. त्याची पत्र्याची पाटी वाऱ्यावर वाजत होती. आणि पाटीच्या शेजारी, हाताला येईल अशा अंतरावर, भिंतीवरून इकडे झुकलेल्या फांदीला थर्मामीटर लोंबत होता.

मी दादाला खोकून दाखवलं. त्यानं पाहिलं आणि तो भाषण न थांबवता सरकत सरकत थर्मामीटरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पण दादा बुटका आहे. त्याच्या डोक्यावर ती नळी चमकत राहिली.

मामानं चष्मा लावला. दादाला हातानं बाजूला केलं. तापमान वाचलं, खिशातल्या फडक्यानं नळी पुसली आणि परत वाचलं.

"तुझ्या झाडाखालचं आणि माझ्या बहिणीच्या झाडाखालचं तापमान अगदी सारखं आहे," तो दादाला म्हणाला. "शास्त्रात असं सहसा होत नाही."

पंपवाला गाडी पुसायला निघून गेला. दादा पाटीकडे बघायला लागला. मला एक उत्तम थाप सुचली होती, दोन थर्मामीटरची, आणि मी तोंड उघडणारही होते. पण त्याआधी आई पुढे आली.

"भाऊ, तुझं झाड त्याच वर्षी मेलं," ती म्हणाली. "रंगाऱ्यानं चुन्याचं पाणी ओतलं. हे गेले, आणि पाठोपाठ त्यांचं झाडही गेलं, हे माझ्या तोंडून निघेना. तू विचारायचास, मी चांगलं आहे म्हणायचे. म्हणताना बरं वाटायचं मला. म्हणून म्हणत राहिले."

मामा काही बोलला नाही. जिथे टायर एकावर एक रचले होते तिथे जाऊन बसला. आई त्याच्याकडे बघत उभी होती, आणि मला माहीत होतं ती काय मोजते आहे. त्याचं हे न बोलणं आत्तापुरतं आहे की कायमचं, हे. मला आयुष्यात प्रथमच माझ्या कारागिरीची लाज वाटली. ती फुटकी वीट मी किती प्रेमानं निवडली होती.

मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या टेकडीवर एकही नाही," तो म्हणाला.

ही टेकडी आम्हाला रविवारच्या फोनवरून पाठ होती. मामाच्या गावामागची उघडी टेकडी; निवृत्तीनंतर त्यानं तिच्यावर रोपं लावायला घेतली होती, आणि फोनवरून ती दर वर्षी जास्त जास्त हिरवी होत गेली होती. आता तो सांगत होता, की दर पावसाळ्यात माणसं येतात, उत्साहानं लावतात, रोपाशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जातात. मग ऊन लागतं. पाणी वर न्यायला कुणी नसतं. तो एकटा कॅन घेऊन चढायचा, पण गुडघे साथ देईनासे झाले. उन्हाळ्याच्या शेवटी काड्या उपटायच्या आणि पावसाळ्यात परत लावायचं, असं चाललं होतं. आमची झाडं तेवढी जगतात आणि आपली मरतात, म्हणजे आपल्याच हाताला काहीतरी आहे, अशी त्याची खात्री झाली होती. आम्ही काय करतो ते बघायला तो आला होता. शिकायला.

"तू हिरवी आहे म्हणायचास की," आई म्हणाली.

"तू तुझं दुसऱ्या मजल्यावर नेलंस. मग मी काय सांगू?"

दादाला हसू आवरेना. आधी तो हसला, मग मी, आणि मग मामाही. आई हसली नाही. ती त्याच्या शेजारच्या टायरवर बसली आणि तिनं त्याच्या हातातली टोपी काढून घेऊन तिच्यावरची धूळ झटकली. हसता हसता मामा एकदम थांबला. भिंतीकडे बघत राहिला.

"आपल्या सगळ्या घरात मला खरं एकट्या अण्णानं सांगितलं," तो म्हणाला. "आणि मी त्याच्याशीच बोलणं टाकलं."

मामानं आईपुढे हात केला. तिला लगेच कळलं. तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिच्या फोनवरचं सगळं आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं.

पलीकडे कार्यशाळेतली घरघर ऐकू आली. "बोल गं," अण्णामामा ओरडून म्हणाला. "काय सांगायचंय त्याला?"

"तोच बोलतोय," मामा म्हणाला.

घरघर बंद झाली. कुणीतरी यंत्राचं बटण दाबलं असावं. मामानं घसा साफ केला आणि हवामानाचा अंदाज सांगावा तसं एका सुरात सांगितलं, की त्याच्याजवळ एक रोप आहे आणि तो उद्या ते घेऊन येतो आहे.

"गेटापाशी जागा नाही," अण्णामामा म्हणाला. "आधीच सांगतो."

"मागच्या बाजूला लाव. रोज पाणी घाल. आणि मेलं किंवा तोडलंस, तर गेल्या वेळेसारखा फोन कर. आमच्यात तेवढं करणारं दुसरं कुणी नाही."

आईनं मामाच्या बाहीला धरलं होतं.

मग अण्णामामानं विचारलं, "किती वाजता पोचतोस?"